आबोलीवाणीचा वास

धाकू झोरे मेला तेव्हा गजर एकशेदहा सेकंद वाजत होता, असं कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं. 'कामगाराने गजराकडे दुर्लक्ष केले. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'

अहवाल हातात आला त्या दिवशी धाकूची बायको येसू अंगणात तांदूळ निवडत बसली होती. धाकूची थोरली बहीण सगुणा हिने तिला तो वाचून दाखवला. येसूने सूप खाली ठेवलं.

"वन्सं, त्यांना ऐकू आलं नसेल का हो?"

"धाकूला?" सगुणा म्हणाली. "डोंगरापलीकडे घंटा वाजली तर ती कुणाची म्हैस, ते सांगायचा तो."

येसूने सूप पुन्हा हातात घेतलं. शाळेत तिच्या दोन्ही मुलींना पोरं विचारू लागली होती, तुमचा बाबा आत मोबाइल बघत बसला होता ना? आवई कंपनीतूनच उठली होती आणि घाटमाथ्यावरच्या आंबेखोल गावात ती घरोघर पोचली होती.

सगुणाने शेवटचं पान पुन्हा उलटलं. खाली सही होती, डॉ. निरंजन वालावलकर. या माणसाला तिने दोन पावसाळे आपल्या घरात जेवू घातलं होतं.

ते २०३१ साल. निरंजन तेव्हा सव्वीस वर्षांचा, मोडक्या छत्रीचा विद्यार्थी होता. वाण्यांवर प्रबंध लिहायला आला होता. वाणी म्हणजे पावसाळ्यात पायरीवर, भिंतीवर दिसणारा तो पुष्कळ पायांचा किडा. हात लावला की वेटोळं करून बसतो. कुणी त्याच्यावर प्रबंध लिहील हे गावाला पटेना. सगुणाला पटलं. म्हशींमागे रानात हिंडताना ती लहानपणापासून वाणी बघत आली होती, आणि एक वाणी तिला बाकीच्यांहून निराळा माहीत होता.

"आमच्या राईत एक आहे," तिने त्याला सांगितलं. "काळाभोर, चपटा. आणि दोन्ही बाजूंच्या कडांना आबोलीच्या फुलाचा रंग. पण तो रोज दिसत नाही. मी आठ वर्षांची असताना सगळी राई त्यांनी भरली होती. मग सोळाव्या वर्षी. मग चोविसाव्या. या पावसाळ्यात ते येणार."

निरंजन हसला. पण श्रावणात एका सकाळी ती त्याला राईत घेऊन गेली आणि तो हसायचा थांबला. पाचोळा हलत होता. हजारो आबोलीवाणी एकमेकांच्या पाठीवरून, मुळांवरून, दगडांवरून वाहत चालले होते. निरंजनने ओंजळभर उचलले. कडू बदामाचा वास सुटला आणि त्याने ओंजळ झटकली.

"सायनाइड," तो म्हणाला.

"आम्ही त्याला बदामी वास म्हणतो," सगुणा म्हणाली. "कस्तूर पक्षी असला वाणी खात नाही. आमची कुत्रीसुद्धा शिंकून बाजूला होतात."

तो आणि पुढचा पावसाळा त्यांनी मिळून ती राई खणली. ती माती चाळायची, तो भिंगाखाली कडी मोजायचा. तो गेल्यावरही दर पावसाळ्यात ती कडी मोजून त्याला कळवत राहिली. त्यातून एक सुंदर आयुष्य उलगडलं. मादी पाचोळ्याखाली मातीची छोटी वाटी लिंपते आणि त्यात अंडी घालते. पिल्लू निघतं ते पांढरं, सात कड्यांचं, पायांच्या तीनच जोड्यांचं. वर्षातून एकदाच ते मातीत स्वतःभोवती कोठडी बांधतं, कात टाकतं आणि काही कडी, काही पाय वाढवून बाहेर येतं. सातांची नऊ, मग बारा, पंधरा, सतरा, अठरा, एकोणीस. आठव्या वर्षी वीस. तेव्हा कुठे तो पूर्ण वाणी होतो, आबोलीचा रंग त्याच्यावर चढतो, आणि राईतल्या सगळ्या पिढीचं लग्न एकाच श्रावणात लागतं. मग अंडी घालून सगळे मरतात, आणि सात वर्षं राईत एकही मोठा आबोलीवाणी दिसत नाही. ती सात वर्षं ते जमिनीखाली असतात. कुजलेलं पान खातात, त्याची माती करतात. राईतली काळी, भुसभुशीत माती ही त्यांनीच केलेली होती.

विषाचंही त्यांनी शोधून काढलं. ते काम निरंजनचं, पण समजावून सांगताना त्याने चुलीपुढे दोन वाट्या मांडल्या होत्या.

"वाण्याच्या प्रत्येक कड्यात दोन कप्पे आहेत, सगुणाताई. एकात रसायन, दुसऱ्यात ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. वेगवेगळे असेपर्यंत दोन्ही निरुपद्रवी. वाणी घाबरला की मधलं दार उघडतो, दोन्ही एकत्र येतात, आणि रसायनाचे दोन तुकडे होतात. एक सायनाइडचा वायू. दुसरं बेन्झाल्डिहाइड, तुमचा तो बदामी वास."

"मग स्वतः कसा मरत नाही?"

"त्याच्या पेशींची श्वास घेण्याची यंत्रणा सायनाइडला दाद देत नाही. आपली देते."

नव्या जातीला सगुणाचं नाव द्यायचं त्याने कबूल केलं होतं. छापून आलं तेव्हा त्यात त्याच्या प्राध्यापकांचं नाव होतं. सगुणाने ते मनावर घेतलं नाही. तेव्हा नाही.

निरंजनच्या डोक्यात ते दोन कप्पे घर करून राहिले. सहा वर्षांनी त्याने 'खोडराखण' बनवलं आणि त्याची कंपनी काढली. डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या, प्रत्येकीत दोन कप्पे. काजूच्या खोडाला लेप द्यायचा. खोडकिड्याने चावा घेतला की कुपी फुटते, कणभर सायनाइड सुटतं, किडा जागीच मरतो आणि वायू हवेत विरून जातो. फळात अंश उतरत नाही, मधमाशीला धक्का लागत नाही. कोकणातल्या वाळत चाललेल्या बागा दोन वर्षांत पुन्हा उभ्या राहिल्या. लोकांनी निरंजनचे सत्कार केले, आणि ते खोटे नव्हते.

अडचण एकच होती. ते विकर यीस्टमध्ये तयार करून बघितलं तर त्याच्या रेणूची घडी नीट बसेना, आणि घडी चुकलेलं विकर आठवड्यात निकामी व्हायचं. म्हणजे वाणीच हवेत, लाखांनी. २०३९ च्या श्रावणात आबोलीवाणी पुन्हा वर आले तेव्हा कंपनीची माणसं पोती घेऊन राईत हजर होती. दिवस सगुणानेच सांगितला होता. अंडी घालायच्या आधीच राईतली पिढी पोत्यांत गेली. आंबेखोलच्या सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, वाणीघर उभं राहिलं. तिथे उबेत आणि ओलाव्यात आठ वर्षांचा वाणी चौदा महिन्यांत तयार होऊ लागला. रंग मात्र त्याच्यावर चढायचा नाही. राईतल्या पाचोळ्याशिवाय तो फिकट पिवळाच राहायचा.

वाणीघराच्या मधोमध दोहनखोली होती. हलत्या टेबलावर वाण्यांचे ट्रे ठेवायचे, टेबल थरथरलं की वाणी घाबरून स्राव सोडतात, तो खालच्या पन्हळीतून गोळा व्हायचा. सुटलेला वायू छताचा पंखा बाहेर ओढायचा. वायू वाढला तर गजर वाजायचा आणि टेबल आपोआप थांबायचं. ओलावा जाऊ नये म्हणून टेबल हलत असेपर्यंत दार आतून उघडत नसे. धाकूला तिथे निरंजननेच लावलं होतं. "घरचा माणूस आहे," असं म्हणाला होता.

एक दिवस पंखा बंद पडला. टेबल थांबलं नाही.

धाकूच्या तेराव्यानंतर सगुणा स्वतः कंपनीत काम मागायला गेली. येसूने तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. गाव म्हणालं, भावाचं रक्त वाळलं नाही आणि ही तिथेच चालली. निरंजन मात्र हेलावला. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, तुमच्याइतकं वाण्यांना कुणीच ओळखत नाही. धाकूचं फार वाईट झालं हो."

"झालं ते झालं," सगुणा म्हणाली.

तिच्या मनात एकच गोष्ट होती. हा माणूस त्याच खोलीत, त्याच वासात मेला पाहिजे.

ती तीन वर्षं थांबली. थांबणं तिने राईतच शिकलं होतं. तिने वाणी असे वाढवले की मरतुक निम्म्यावर आली. पहिल्या वर्षी तिला पिल्लांच्या खोलीत ठेवलं, दुसऱ्या वर्षी कोठारात, तिसऱ्या वर्षी दोहनखोलीच्या दाराचं कार्ड तिच्या गळ्यात आलं.

गजराचं तिला त्याच महिन्यात कळलं. तिच्या हातून एक ट्रे निसटला, दीडेकशे वाणी फरशीवर सांडले आणि खोलीभर बदामी वास पसरला. तिने श्वास कोंडून भिंतीवरच्या गजराच्या पेटीत दिसणाऱ्या वायूच्या आकड्याकडे बघितलं. शून्य पूर्णांक चार. पंखा खोली साफ करीपर्यंत ती बघत राहिली. शून्य पूर्णांक चार. तो आकडा दुसऱ्या दिवशीही तोच, आठवड्यानेही तोच. जिवंत हवेतला आकडा इतका स्थिर राहत नाही. हवा मोजणारा संवेदक आणि गजर यांच्यातली तार कुणीतरी काढली होती. का, तेही तिला उमगलं. ट्रे हलवले की वाणी बिथरायचे, गजर वाजायचा, टेबल चाळीस मिनिटं बंद. दिवसातून सहा वेळा असं झालं तर विकर गोळा कधी व्हायचं?

तपासणीला माणसं यायची तेव्हा निरंजन भिंतीवरचं चाचणीचं बटण दाबायचा. गजर कानठळ्या बसवत वाजायचा. तपासनीस 'गजर सुस्थितीत' असं लिहून चहा प्यायला जायचे. बटण गजराला जोडलेलंच होतं. हवेला जोडलेलं नव्हतं.

ती कुणाकडे तक्रार करू शकली असती. पण निरंजन काय म्हणाला असता? तार काल तुटली, लगेच जोडतो. त्या दिवशी ती शाबूत होती. धाकूचा नऊ पानी अहवाल तसाच राहिला असता.

२०४३ च्या मार्गशीर्षात परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी पथक यायचं ठरलं. आदल्या दिवशी सगुणाने दोहनखोलीत सोळा ट्रे लावले आणि प्रत्येकात नेहमीच्या तिप्पट वाणी भरले. वर पाचोळा पसरला. टेबल सुरू झालं, पंखा बंद राहिला, तर माणूस किती मिनिटं टिकेल याचा अंदाज तिला होता. पथक खोलीत येण्याआधी निरंजन एकटा आत जाऊन खोली डोळ्यांखालून घालतो, हे तिने तीन वेळा पाहिलं होतं.

सकाळी सातला ती कामावर आली, तेव्हा कार्यालयातला लेखनिक छापखान्यातून आलेल्या कोऱ्या अहवालांचा गठ्ठा सोडत होता. कंपनीची मुद्रा, खाली सहीची जागा. सगुणा तिथेच थबकली. निरंजन मेला तर त्याचाही अहवाल हेच लिहिणार होते. 'वेड्या बाईचे कृत्य.' आणि धाकू? धाकू निष्काळजीच राहणार होता, कायमचा. खरं काय ते सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तिने त्याचंच तोंड बंद करायचा बेत केला होता.

दोन तासांत तिने सोळाच्या सोळा ट्रे पिल्लांच्या खोलीत रिकामे केले. पाचोळा तेवढा परत आणून भरला. मग सायकलवरून बाजारपेठेतल्या बेकरीत गेली.

"बदामाचं इसेन्स द्या. मोठ्यात मोठी बाटली."

"केक कुणाचा, सगुणाबाय?"

"भावाचा," ती म्हणाली.

पथक अकराला आलं. प्रमुख होत्या निवेदिता कारखानीस, बारीक अंगाच्या, दमेकरी, बोलायला तुसड्या. निरंजनने त्यांना वरच्या सज्जात बसवलं, चहा मागवला आणि "दोन मिनिटांत खोली तयार करतो" म्हणून खाली आला. नियमाप्रमाणे मोबाइल बाहेरच्या टोपलीत ठेवला, कारण मोबाइल थरथरला तरी वाणी बिथरायचे. आत गेला.

सगुणाने दार लावलं. टेबल सुरू केलं. पंखा बंद केला. मग संवादयंत्राची कळ दाबली आणि शेजारची दुसरी कळही दाबली. त्या कळीने खोलीतला आवाज सज्जातल्या कर्ण्यावर जायचा.

पहिलं अर्धं मिनिट फक्त टेबलाची घरघर ऐकू आली. सोळा ट्रेमधला भिजवलेला पाचोळा थरथरू लागला होता.

"सगुणाताई? टेबल कुणी लावलं? बंद करा."

तिने कळ दाबूनच धरली.

"ताई, पंखा बंद आहे. पंखा!" दाराची मूठ दोनदा खडखडली. "वास येतोय. ताई, वास येतोय इथे!"

"कसला वास, साहेब?"

"कसला काय विचारता? दार उघडा!"

"गजर वाजला की उघडते," सगुणा म्हणाली. "नियम आहे तुमचा. वायू वाढला की गजर वाजतो."

दारावर धक्के बसू लागले. वरच्या सज्जात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अहो, गजर नाही वाजणार!"

"का नाही वाजणार?"

"तार काढलीय त्याची! सगुणा, डोकं गरगरतंय माझं. ट्रे किती लावलेत इथे? उघड!"

"तार कधी काढली?"

"उघड आधी!"

"धाकू आत होता तेव्हा?"

आतून खोकल्याची उबळ आली. मग निरंजनचा आवाज आला तो जमिनीलगतून. खाली हवा बरी असेल या आशेने तो फरशीवर आडवा झाला होता.

"होय. होय, तेव्हाही काढलेलीच होती. मीच काढायला लावली. गजर नाही वाजला त्या दिवशी. वाजलाच नाही. सगुणा, मला मुलगी आहे गं..."

"त्याला दोन होत्या," सगुणा म्हणाली.

जिन्यावरून धावती पावलं येत होती. कारखानीस पुढे होत्या, धापा टाकत. "दार उघडा! ताबडतोब!"

सगुणाने कळ सोडली नाही. आणखी एक मिनिट, आपण मरतो आहोत असं त्याला वाटत राहावं, असं तिला वाटलं आणि तिने ते एक मिनिट घेतलं. कारखानीसबाईंनी तिच्या गळ्यातलं कार्ड ओढून घेतलं तेव्हा तिने हात आडवा केला नाही.

निरंजन फरशीवर पडलेला होता. छाती भात्यासारखी हलत होती, तोंडाला फेस, डोळे गच्च मिटलेले. कारखानीसबाईंनी पदर नाकाला लावला आणि ओरडल्या, "मुखवटे आणा!"

"गरज नाही," सगुणा म्हणाली. तिने जवळचा ट्रे उचलून उलटा केला. नुसता पाचोळा आणि ओले कापसाचे बोळे खाली पडले. "वाणी नाहीत आत. केकमधलं इसेन्स आहे."

निरंजनने डोळे उघडले. त्याने बोळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ज्या रसायनाचे दोन तुकडे त्याने तिला चुलीपुढे वेगळे करून दाखवले होते, त्यातला कुठला तुकडा खोलीत आहे हे त्याच्या नाकाला सांगता आलं नव्हतं. श्वास परत आला तसा तो रडू लागला.

सगुणाला बरं वाटलं. आपल्याला इतकं बरं वाटेल अशी तिची कल्पना नव्हती.

धाकात घेतलेला कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, असं निरंजनच्या वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते खरं होतं. पण कारखानीसबाईंनी तिथल्या तिथे भिंतीवरची पेटी उघडायला लावली होती. तारेची दोन्ही टोकं धुळीने माखलेली होती आणि टोकावरच्या चिकटपट्टीवर बसवणाऱ्याने तारीख घातली होती, धाकूच्या मृत्यूच्या पाच महिने आधीची. तो तंत्रज्ञ रत्नागिरीत सापडला. दुसऱ्याच प्रश्नाला त्याने सगळं सांगितलं.

नवा अहवाल वैशाखात आला. तो अडीच पानांचा होता. येसूने तो सगुणाला वाचू दिला नाही. थोरल्या मुलीला उंबऱ्यावर उभं केलं आणि शेजारपाजारी ऐकतील अशा आवाजात वाचायला लावलं. 'गजर वाजलेला नव्हता. मृत कामगाराची कोणतीही चूक आढळत नाही.' मुलगी अडखळली तिथे येसूने तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

सगुणावर माणूस कोंडल्याचा गुन्हा दाखल झाला. तिने तो पहिल्याच दिवशी कबूल केला.

शिक्षेच्या तारखेला ती न्यायालयाच्या व्हरांड्यात बसली होती. पलीकडच्या दालनात निरंजनच्या खटल्याचं काम होतं. तो जामिनावर होता, निम्मा झाला होता. वकिलाला थांबवून तो तिच्यापाशी आला आणि थोडं अंतर ठेवून उभा राहिला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "ते ट्रे रिकामे. हे तुम्ही कधी ठरवलंत?"

"त्याच दिवशी. सकाळी सात वाजता."

"आणि त्याआधी?"

सगुणाने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. या चेहऱ्यापुढे तिने भाकरी वाढली होती.

"त्याआधी तीन वर्षं भरलेले होते," ती म्हणाली.

निरंजनने भिंतीला हात टेकला. व्हरांडा चारी बाजूंनी उघडा होता, वारा भरपूर होता, तरी त्याला श्वास पुरेना.

आत तिच्या नावाचा पुकारा झाला. सगुणा उठली, लुगड्याचा सोगा झटकला आणि आत गेली.